तीन मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये हरवलेले कॅल्शियम: एका नवजात बाळाचे प्रकरण

बाळ, कुटुंब किंवा रुग्णालय ओळखू येईल असे सर्व तपशील येथे वगळले किंवा बदलले आहेत. आजार आहे शिशुवयातील सर्वदूर धमनी-कॅल्सिफिकेशन, म्हणजे शरीरभरच्या मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतीत जन्माआधीपासून कॅल्शियम साचण्याचा आनुवंशिक विकार. साधारण दोन लाख गर्भधारणांत एक, असा त्याच्या प्रमाणाचा अंदाज आहे. निम्म्याच्या आसपास बाळे पहिल्या सहा महिन्यांतच दगावतात, म्हणून निदानाला लागणारा एकेक दिवस महाग पडतो.

पार्श्वभूमी

३८ आठवडे पूर्ण होऊन जन्मलेली मुलगी, वजन २.९ किलो. शेवटच्या महिन्यात गर्भजल जास्त असल्याची नोंद होती, पण कारण सापडले नव्हते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत काही वावगे नव्हते. याच आईवडिलांचे पहिले बाळ जन्मानंतर सातव्या आठवड्यात गेले होते आणि त्याच्या कागदांवर ‘हृदयाच्या स्नायूंचा आजार’ एवढेच लिहिलेले होते.

जन्मानंतर दहा तासांनी श्वास जलद झाला आणि दूध ओढणे मंदावले. एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) हाय-फ्लो ऑक्सिजन सुरू झाला, नाळेतून धमनीत आणि शिरेत कॅथेटर (बारीक नळ्या) घातले गेले, जंतुसंसर्गाच्या शंकेने प्रतिजैविके सुरू झाली. छातीच्या एक्स-रेत हृदय मोठे दिसत होते. रिपोर्टमध्ये हृदयाचा आकार आणि कॅथेटरच्या टोकाची जागा, एवढ्याच दोन गोष्टी होत्या.

दुसऱ्या दिवशी उजव्या हातातला रक्तदाब ११२/७४ भरला. या वयाच्या पूर्ण दिवसांच्या बाळात वरचा आकडा सहसा ६५ ते ८० असतो. पायातला दाब १०९/७० होता, म्हणजे हात आणि पाय यांत फरक नव्हता आणि महाधमनी आकुंचित असण्याची शक्यता मागे पडली. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या जवनिकेची भिंत जाड, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतले किती रक्त बाहेर पडते ते प्रमाण) ३६ टक्के आणि हृदयाभोवती थोडे पाणी होते. महाधमनीची कमान मोकळी होती. वर्णनाच्या मजकुरात एक ओळ होती: ‘महाधमनीच्या मुळाची भिंत उजळ दिसते, कदाचित गेनमुळे.’ गेन म्हणजे परतणाऱ्या लहरी यंत्राने किती वाढवून दाखवायच्या ते प्रमाण. निष्कर्षात ही ओळ उतरली नाही.

अडचण काय होती

हृदय कमजोर असेल तर दाब उतरायला हवा. इथे हृदय कमजोर होते आणि दाब चढलेला होता. याचा सरळ अर्थ असा की हृदय कशाच्या तरी विरुद्ध जोर लावत होते आणि तो अडथळा कमानीत नव्हता. मग तो धमन्यांच्या जाळ्यात कुठेतरी, किंवा सगळीकडेच असणार.

संभाव्य कारणांची यादी लांब होती. कॅथेटरमुळे महाधमनीत किंवा मूत्रपिंडाच्या धमनीत गुठळी, मूत्रपिंडाच्या धमनीचा जन्मजात अरुंदपणा, धमन्या नागमोडी होण्याचा आनुवंशिक विकार, संप्रेरकांचे विकार आणि सर्वदूर कॅल्सिफिकेशन. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फेट आणि पॅराथायरॉइड संप्रेरक सामान्य आले. पुष्कळ जण इथे कॅल्शियमचा विचार सोडून देतात. या विकारात मात्र रक्तातले कॅल्शियम सामान्यच असते. बिघाड असतो तो कॅल्शियम जागच्या जागी विरघळलेले ठेवणाऱ्या यंत्रणेत.

ही यंत्रणा इथेच समजून घ्यावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यावरच टेकलेले आहेत. ईएनपीपी१ या जनुकाचे एन्झाइम पेशीबाहेरच्या एटीपीचे (पेशींच्या ऊर्जावाहक रेणूचे) दोन तुकडे करते: पायरोफॉस्फेट आणि एएमपी. पायरोफॉस्फेट धमनीच्या भिंतीत कॅल्शियमचे स्फटिक धरू देत नाही. एएमपीपासून अ‍ॅडेनोसिन बनते आणि ते भिंतीतल्या स्नायूपेशींची बेसुमार वाढ रोखते. एन्झाइम नसेल तर दोन वेगळ्या गोष्टी घडतात: भिंतीतल्या लवचिक पडद्यावर कॅल्शियम साचते आणि आतले अस्तर जाड होऊन नळी अरुंद होते. कॅल्शियम चित्रात दिसते, बाळाला धोका मुख्यतः अरुंदपणाचा असतो. हा दुवा २००३ मध्ये सापडला. थोड्या रुग्णांत एबीसीसी६ हे दुसरे जनुक कारण असते, ते २०१२ मध्ये समोर आले.

समोर असलेले पर्याय

तिसऱ्या दिवशी नवजात-तज्ज्ञ, बालहृदयरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसले. जनुकीय तपासणीचे नमुने त्याच दिवशी जावेत यावर एकमत होते, पण उत्तराला दोन आठवडे लागणार होते. तोवर थांबणे परवडणारे नव्हते.

कॅथेटर अँजिओग्राफी लगेच बाद झाली. ३ किलोच्या आतल्या, हृदय थकलेल्या बाळाच्या जांघेतल्या धमनीत, तीही कदाचित आतून आधीच चिंचोळी झालेली, शीथ (कॅथेटर आत नेणारी नळी) घालायची म्हणजे पाय गमावण्याचा धोका पत्करायचा.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, हे खरे. पण कॅल्शियम तिथे सिग्नल नसलेला काळा भाग म्हणून दिसते आणि धमनीतले वाहते रक्तही अनेक सीक्वेन्समध्ये काळेच असते. अर्ध्या मिलिमीटरचा कॅल्शियमचा थर त्यातून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य. मेंदूसाठी एमआरआय लागणार होता, धमन्यांच्या कॅल्शियमसाठी त्याचा उपयोग नव्हता.

कॉन्ट्रास्ट देऊन सीटी अँजिओग्राफी करावी, असा आग्रह होता. अरुंदपणा आणि कॅल्शियम दोन्ही एकाच वेळी कळतील, हे त्यामागचे कारण. पण ७० किलोव्होल्टवर आयोडीन भरलेली धमनी ३०० ते ५०० एचयू (सीटीतले घनतेचे एकक) इतकी उजळते आणि भिंतीतला कॅल्शियमचा पातळ कडा त्या झळाळीत बुडून जातो. शिवाय किलोला २ मिली धरले तरी सुमारे ६ मिली कॉन्ट्रास्ट आणि वर सलाइन, म्हणजे हृदयावर पाण्याचा आणि मूत्रपिंडांवर आयोडीनचा भार. म्हणून कॅल्शियमचा प्रश्न आधी, आणि तो कॉन्ट्रास्टशिवाय.

उरले दोन पर्याय: पलंगाशेजारी नीट केलेली सोनोग्राफी आणि कमी मात्रेची साधी सीटी. सोनोग्राफी त्याच दुपारी, आणि ती संशयास्पद निघाली तर सीटी, असा क्रम ठरला.

पलंगाशेजारची सोनोग्राफी

नवजात बाळाच्या धमनीची भिंत उजळ आहे की यंत्राने तशी दाखवली, हा प्रश्न नजरेने सुटत नाही. त्याला पद्धत लागते. इथे १२ ते १८ मेगाहर्ट्झची लिनिअर प्रोब घेतली, जेल कोमट केले आणि हार्मॉनिक्स (दुप्पट वारंवारतेच्या लहरींवरून चित्र बनवण्याची सोय) बंद केले, कारण हार्मॉनिक्समुळे पातळ कडा जाड भासतात. महाधमनी पोटात उभ्या छेदात दिसत असताना गेन टप्प्याटप्प्याने उतरवला. यकृत काळे पडले, श्वासपटलाची रेषा विरली. महाधमनीच्या दोन्ही भिंती आणि मणक्यांची हाडे मात्र पडद्यावर टिकून राहिली. भिंत हाडाच्या बरोबरीने शेवटपर्यंत टिकली, तर दोष गेनचा नाही. आदल्या दिवशीच्या इकोत हे दोन मिनिटांचे काम झाले असते, तर ती ओळ ‘कदाचित’वर थांबली नसती.

भिंतीमागे सावली पडत नव्हती. यामुळे काही जण कॅल्शियम नाकारतात. थर इतका पातळ असतो की ध्वनिलहर त्यातून पार जाते, त्यामुळे सावली नसणे हा नकाराचा पुरावा नाही.

कॅथेटरही आडवा येत होता. त्याच्या दोन समांतर रेषा पहिल्या नजरेत कॅल्शियम लागलेल्या भिंतीसारख्याच दिसतात. आडव्या छेदात फरक उघड होतो: भिंतीचे कडे बाहेर आणि कॅथेटरचे लहान वर्तुळ आत. कॅथेटरच्या टोकाशी गुठळी जमून तिच्यात कॅल्शियम आले, तर डाग एका जागी असतो. इथे उजळपणा टोकाच्या वर, खाली आणि कॅथेटर कधी पोहोचलाच नव्हता अशा मूत्रपिंडांच्या धमन्यांतही होता.

डॉपलरमध्ये, म्हणजे सोनोग्राफीने रक्ताचा वेग मोजताना, कोन ६० अंशांच्या आत ठेवला. नळी अरुंद असेल तिथे वेग वाढतो. महाधमनीत वेग सेकंदाला ७० सेंमी आणि उजव्या मूत्रपिंडाच्या धमनीच्या मुळाशी २१०, म्हणजे तिप्पट. डावीकडे १८५. मूत्रपिंडाच्या आतल्या शाखांत लहर आळसावलेली, बुटकी. दोन्ही बाजू अरुंद. या एका निष्कर्षाने उपचारात लगेच बदल झाला: दाबासाठी एसीई-रोधक सुरू करायचे ठरत होते, ते थांबवले. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असताना त्या औषधाने गाळणच बंद पडू शकते.

सीटीची तयारी

चौथ्या दिवशी सीटी ठरली. पहिला प्रश्न नाळेतल्या धमनी-कॅथेटरचा होता. त्याचे टोक सातव्या वक्षमणक्याशी होते, म्हणजे छातीतल्या महाधमनीचा बराचसा भाग त्याच्याच घनतेने झाकला जाणार. तो काढून मनगटात धमनी-लाइन घालावी, हा नेहमीचा मार्ग. पण मनगटातली धमनीही याच आजाराने अरुंद असू शकते आणि तिला टोचल्यावर बोटे काळी पडण्याची भीती खरी आहे. कॅथेटर बाहेरच्या बाजूला ओढता येतो, निर्जंतुकपणा राहत नसल्याने पुन्हा आत ढकलता येत नाही. शेवटी तो तिसऱ्या आणि चौथ्या कटिमणक्यांच्या पातळीपर्यंत मागे ओढला. खालच्या जागी पायांचा रक्तपुरवठा बिघडण्याचा धोका थोडा जास्त असतो, तो चोवीस तासांपुरता स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी कॅथेटर काढून टाकला.

भूल किंवा गुंगी दिली नाही. तपासणीआधी अर्धा तास नळीने दूध, मग कापडात गुंडाळून हवा काढलेल्या पिशवीत स्थिर केले. खोलीचे तापमान आधीच वाढवले होते. बाळाचे तापमान जाताना ३६.९ आणि परतल्यावर ३६.७ अंश. अशा बाळाला थंडी वाजली तर हातापायांच्या धमन्या आणखी आवळतात आणि हृदयावरचा भार वाढतो, म्हणून हे आकडे लिहून ठेवण्याजोगे आहेत.

मानेपासून जांघेपर्यंत २६ सेंमी, ७० किलोव्होल्ट, जलद पिच (टेबल सरकण्याचा वेग), सगळे मिळून एका सेकंदाच्या आत. यंत्राने दाखवलेली मात्रा १६ सेंमी फँटमच्या (मात्रा मोजण्याच्या प्रमाणित नमुन्याच्या) हिशेबाने ०.९ मिलिग्रे आणि लांबीसह २४ मिलिग्रे-सेंमी. नवजात बाळासाठीच्या गुणकांनी परिणामी मात्रा सुमारे १ मिलिसीव्हर्ट येते. किलोव्होल्ट कमी ठेवल्याने मात्रा उतरते आणि कॅल्शियम उलट जास्त उजळते, म्हणून या प्रश्नासाठी ही निवड दोन्ही अंगांनी योग्य होती.

‘कॅल्सिफिकेशन आढळले नाही’

संध्याकाळी आलेल्या रिपोर्टमध्ये हे वाक्य होते. हृदय मोठे, फुप्फुसांत पाणी, धमन्यांत कॅल्शियम नाही.

या प्रकरणाचे वळण इथे आहे. सीटी ही कॅल्शियमसाठी सर्वात संवेदनशील तपासणी मानली जाते. ती नकारार्थी आल्यावर आदल्या दिवशीची सोनोग्राफी चुकली असे मानून पुढे जाणे सोपे होते आणि चर्चेचा रोखही तिकडेच होता. सोनोग्राफी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टने मात्र रिपोर्टशी वाद घालण्याऐवजी चित्रे कशी बनवली गेली, ते तपासले.

स्लाइस (चित्रातल्या एका कापाची जाडी) ३ मिमी होती, कर्नल (चित्र किती धारदार दिसेल ते ठरवणारे गणिती सूत्र) मऊ, आणि चित्राचे क्षेत्र ३० सेंमी. नवजात बाळाच्या छाती-पोटासाठी यंत्रात साठवलेला हाच नेहमीचा संच होता आणि ज्या कामासाठी तो बनवला त्यासाठी वाईट नव्हता: कमी मात्रेत येणारा दाणेदारपणा तो झाकतो. पण ज्या थराचा शोध चालला होता, तो मिलिमीटरच्या काही दशांशांचा. कमान, मूत्रपिंडांच्या आणि प्लीहेच्या धमन्या बऱ्याच अंशी स्लाइसच्या पातळीतच आडव्या जातात. तिथे ३ मिमीच्या सरासरीत भिंत, आतले रक्त आणि बाहेरची चरबी एकत्र कालवली जातात. खाली उतरणारी महाधमनी स्लाइसला काटकोनात असते, म्हणून तिच्यात स्लाइसच्या जाडीने फारसे बिघडत नाही. तिथे घात केला मऊ कर्नलने आणि मोठ्या क्षेत्राने. ३० सेंमी क्षेत्र ५१२ चौकटींत वाटले की एक चौकट ०.५९ मिमीची होते, म्हणजे थराइतकी किंवा त्याहून मोठी.

रक्ताचाही वाटा होता. बाळाचे हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५८ टक्के होते. अशा दाट रक्ताची घनताच ६० एचयूच्या पुढे जाते. ३ मिमीच्या चित्रात भिंत ७५ च्या आसपास भरत होती, म्हणजे रक्तापेक्षा जेमतेम उजळ. उलट परिस्थितीही ध्यानात ठेवावी: रक्तक्षय असलेल्या बाळात रक्त फिके पडते आणि निरोगी भिंतसुद्धा कड्यासारखी उठून दिसते. हिमॅटोक्रिट न पाहता नवजात बाळाच्या महाधमनीची भिंत वाचूच नये.

मूळ कच्चा डेटा यंत्रावर अजून होता. तो कायमचा साठवला जात नाही, जागा भरली की आपोआप पुसला जातो. रात्रीच त्याला कुलूप लावले आणि पाचव्या दिवशी सकाळी नव्याने चित्रे बनवली: ०.६ मिमी स्लाइस, ०.४ मिमीच्या अंतराने, मध्यम धारदार कर्नल, १४ सेंमी क्षेत्र. चौकट ०.२७ मिमीची झाली. जाडी पाचपट कमी केल्याने दाणेदारपणा सुमारे २.२ पट वाढला, पण कॅल्शियमच्या उंच घनतेपुढे तो सुसह्य होता. त्यावरून ३ मिमी जाडीची एमआयपी चित्रेही काढली. जाडी तीच, पण तिथे सरासरीऐवजी सर्वात उजळ बिंदू उचलला जातो, म्हणून सरासरीत बुडालेले कॅल्शियम एमआयपीत वर येते.

कमानीपासून जांघेतल्या धमन्यांपर्यंत सलग बारीक कडा उमटल्या, १४० ते १९० एचयू. फुप्फुसांच्या धमन्यांच्या मुख्य शाखा, दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या, प्लीहेची धमनी आणि डाव्या कोरोनरीचे (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीचे) मूळ. डाव्या खांद्याभोवती आणि दोन्ही कुल्ल्यांच्या सांध्यांभोवती कॅल्शियमचे बारीक कण. मग पहिल्या दिवशीचा एक्स-रे पुन्हा लावला. खांद्याजवळचे कण त्यातही होते.

बाळाला पुन्हा किरण देण्याची गरज पडली नाही. अजून चार-पाच दिवस गेले असते तर पडली असती.

निदानानंतरचे निर्णय

पाचव्या दिवशी आईवडिलांना सविस्तर सांगितले गेले: आजार जन्माआधीपासूनचा आहे, गर्भारपणात कुणाच्या हातून काही चुकल्याने झालेला नाही, आणि पहिले सहा महिने सर्वात अवघड आहेत. पहिल्या बाळाचे कागद आणि एक्स-रे मागवण्याची परवानगी तेव्हाच घेतली. तो एक्स-रे विसाव्या दिवशी हाती आला. त्यात कुल्ल्याच्या सांध्याभोवती तेच कण होते.

बिस्फॉस्फोनेट द्यावे की नाही, यावर दोन बैठका झाल्या. ही औषधे पायरोफॉस्फेटची न तुटणारी नक्कल आहेत. २००८ मध्ये ५५ रुग्णांच्या आढाव्यात ती मिळालेली बाळे जास्त जगलेली दिसली. पण औषध सुरू होण्याइतके दिवस जे जगले तेच त्या गटात मोजले जातात, हा अशा तुलनेतला दोष आहे, आणि पुढच्या मोठ्या नोंदींत तो फायदा स्पष्टपणे टिकला नाही. जास्त काळ, जास्त मात्रेत दिल्यास हाडांची घडण बिघडते. आईवडिलांशी बोलून मर्यादित काळासाठी औषध सुरू केले आणि थांबवण्याची तारीख आधीच लिहून ठेवली. एन्झाइम बाहेरून देण्याचा उपचार अजून चाचण्यांत आहे.

सातव्या दिवशी मेंदूचा एमआरआय झाला, प्रश्न एकच: कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देता येईल का? रक्तस्राव नव्हता. डाव्या बाजूला खोलवर डिफ्युजनमध्ये (एमआरआयच्या ताजी इजा दाखवणाऱ्या चित्रांत) एक लहान ताजा डाग होता, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याची खूण. अ‍ॅस्पिरिन सुरू झाली.

अकराव्या दिवशी रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) चढले आणि ईसीजीतला एसटी हा भाग बदलला. कोरोनरीसाठी ईसीजीशी जुळवलेली सीटी अँजिओग्राफी करावी, असा दबाव आला. दीडशेच्या गतीने धडधडणारे हृदय, दीड-दोन मिलिमीटरची धमनी, ६ मिली कॉन्ट्रास्ट. चित्र कदाचित मिळालेही असते. प्रश्न असा विचारला गेला: अरुंदपणा दिसला तर काय करणार? एवढ्या बाळात, भिंतभर आजार असलेल्या कोरोनरीत स्टेंट किंवा बायपास शक्य नव्हते. दिसला नाही तर औषधे थांबवणार का? तेही नाही. तपासणी टळली. रोजचा इको, त्यात जवनिकेच्या भिंतीची प्रत्येक भागाची हालचाल आणि ट्रोपोनिनचा कल यांवर लक्ष ठेवले. तो चौदाव्या दिवसापासून उतरू लागला. हा निर्णय आजही योग्यच वाटतो. इमेजिंगची ताकद वाढली म्हणून प्रत्येक चित्र बाळाच्या कामाचे ठरत नाही.

सतराव्या दिवशी जनुकीय उत्तर आले: ईएनपीपी१ मध्ये दोन रोगकारक बदल, एक आईकडून, एक वडिलांकडून. अडतिसाव्या दिवशी बाळ दाबाच्या दोन औषधांवर घरी गेले.

चौथ्या महिन्यातली चूक

बिस्फॉस्फोनेटचा परिणाम पाहण्यासाठी चौथ्या महिन्यात पुन्हा कॉन्ट्रास्टशिवाय सीटी झाली, या वेळी पातळ स्लाइसनेच. महाधमनीतले कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झाले होते. रिपोर्टमध्ये ‘लक्षणीय सुधारणा’ असे लिहिले गेले, सगळ्यांना हायसे वाटले आणि दाबाचे एक औषध निम्म्यावर आणले गेले. तीन आठवड्यांनी दाब १२६/८२ होता आणि ५४ टक्क्यांपर्यंत सुधारलेले इजेक्शन फ्रॅक्शन ४३ वर घसरले होते. त्यानंतर डॉपलर केला: उजव्या मूत्रपिंडाच्या धमनीत वेग सेकंदाला २३० सेंमी, म्हणजे जन्मानंतर होता त्याहून जास्त.

कारण वर सांगितलेल्या यंत्रणेतच आहे. बिस्फॉस्फोनेट पायरोफॉस्फेटची जागा भरते, अ‍ॅडेनोसिनची भरत नाही. कॅल्शियम विरघळते, काही बाळांत औषधाशिवायही विरघळते, पण जाड झालेले अस्तर तसेच राहते. ‘लक्षणीय सुधारणा’ हे शब्द कॅल्शियमबद्दल होते, वाचले गेले बाळाबद्दल. दाबाचे औषध पूर्ववत केल्यावर दोन आठवड्यांत दाब आटोक्यात आला.

दाब मोजण्यातही फसगत होते. बाहूची धमनीच अरुंद असेल तर त्या हातातला कफ कमी आकडा दाखवतो. म्हणून चारही हातपायांत मोजून सर्वात जास्त भरणारे अंग ठरवायचे आणि पुढे नेहमी तिथेच मोजायचे. या बाळात ते अंग उजवा हात होते.

वेगळे काय करता आले असते

सीटीच्या मागणीपत्रावर ‘धमन्या, कॅल्शियम?’ एवढेच होते. त्यावर ‘०.६ मिमी, कॉन्ट्रास्टशिवाय, लहान क्षेत्र, भिंतीतला कडा शोधायचा आहे, कॅथेटर खाली ओढलेला आहे, हिमॅटोक्रिट ५८’ असे लिहिले असते, तर एक रात्र वाचली असती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकीचा नकार नोंदीत गेलाच नसता. आता त्या विभागात नवजात बाळाच्या प्रत्येक सीटीचा पातळ संच आपोआप साठवला जातो आणि नकारार्थी रिपोर्टमध्ये स्लाइसची जाडी लिहिली जाते.

इको करणाऱ्याला शंका आली होती, पण ती मजकुरात राहिली. शंका निष्कर्षात, प्रश्नचिन्हासह का होईना, आली असती तर सोनोग्राफी एक दिवस आधी झाली असती.

पहिल्या बाळाचा एक्स-रे दाखल होण्याच्या दिवशीच मागवायला हवा होता. भावंड लहानपणी हृदयाच्या आजाराने गेले असेल, तर त्याची जुनी चित्रे ही या बाळाचीच तपासणी समजावी. मागवलेला एक्स-रे पाहताना हृदयापाशी न थांबता खांदे, कोपरे, कुल्ले आणि टाचा भिंगाखाली घालाव्यात.

चौथ्या महिन्यातली सीटी करायलाच नको होती. पाठपुराव्याचा प्रश्न अरुंदपणाचा आणि हृदयाच्या ताकदीचा होता. त्याचे उत्तर डॉपलर, इको आणि रक्तदाब देतात, किरणांशिवाय.

पुढे काय झाले

चौदाव्या महिन्यात मुलगी आधार धरून उभी राहते, वजन ८.१ किलो, इजेक्शन फ्रॅक्शन ५६ टक्के, दाबाचे एक औषध सुरू. डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीतला वेग सेकंदाला १४० सेंमीवर आला आहे, उजवीकडचा अजून १९० आहे.

तेराव्या महिन्यात रक्तातले फॉस्फेट घसरू लागले, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या घडणीशी संबंधित एन्झाइम) चढले आणि गुडघ्याच्या एक्स-रेत हाडांची टोके पसरट, कपासारखी खोलगट दिसू लागली. ईएनपीपी१ च्या अभावातून वाचलेल्या पुष्कळ मुलांना पुढे फॉस्फेट मूत्रावाटे वाहून जाण्याचा मुडदूस होतो. तो येणार हे धरूनच सहाव्या महिन्यापासून फॉस्फेट मोजले जात होते. तोंडावाटे फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप) सुरू आहे, आणि त्यामुळे मूत्रपिंडांत कॅल्शियम बसत नाही ना, हे दर तीन महिन्यांच्या सोनोग्राफीत पाहिले जाते. ऐकू कमी येण्याचा धोका असल्याने श्रवण चाचणीही ठरलेल्या तारखांना होते.

पुढच्या प्रत्येक गर्भधारणेत हा आजार येण्याची शक्यता २५ टक्के आहे. आईवडिलांना गर्भजल किंवा वारेच्या नमुन्यावरून जनुकीय तपासणीचा पर्याय समजावला आहे. सोबत हेही सांगितले आहे की विसाव्या आठवड्याची चांगली सोनोग्राफी पुरेशी मानू नये, कारण भिंतीतले कॅल्शियम अनेकदा शेवटच्या तिमाहीतच दिसू लागते.